स्पर प्लास्टिकचा की स्टीलचा? आधी ठरव, कोणता दाता तुटायला हवा

पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एका मुलाचा त्याच्या रिमोट कंट्रोल गाडीबद्दल प्रश्न आलाय. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नवख्यांसाठी आधी शब्द: मोटरच्या शाफ्टवरचा छोटा गिअर म्हणजे पिनियन, तो ज्याला फिरवतो तो मोठा गिअर म्हणजे स्पर. केव्ही म्हणजे दर व्होल्टला मोटरचे मिनिटाचे फेरे, थ्री-एस म्हणजे तीन सेलची बॅटरी, मॉड्यूल म्हणजे दात्याचं माप, आणि स्लिपर क्लच म्हणजे जास्त जोर आला की घसरून गिअर वाचवणारा क्लच. थोडक्यात त्याने असं लिहिलंय: "काका, माझा १/१० स्केलचा फोर व्हील ड्राइव्ह ट्रक आहे. ब्रशवाली मोटर काढून ३३०० केव्हीची ब्रशलेस टाकली, बॅटरी थ्री-एस. स्पर ५४ दात्यांचा, ०.८ मॉड्यूल. वेग हवा म्हणून पिनियन १८चा लावला. महिनाभरात तीन प्लास्टिकचे स्पर गेले. स्लिपर क्लच घसरत होता म्हणून तो पूर्ण आवळून टाकलाय. दुकानदार म्हणतो फुल मेटल सेट टाक, कटकट मिटेल. मित्र म्हणतो डेल्रिन घे. नेमकं काय घेऊ?"

भोसरीत मी २६ वर्षं हॉबिंग मशीनवर गिअर काढतोय आणि त्यातली सतरा-अठरा वर्षं या छोट्या गाड्यांचंही वेड आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फुल मेटल सेट घेऊ नकोस. पिनियन कडक स्टीलचा, स्पर ॲसिटलचा (तुझा मित्र म्हणतो ते डेल्रिन), आणि स्लिपर परत मोकळा कर. तुझ्या गाडीचं उत्तर एवढंच. पण कारण कळलं नाही तर पुढच्या गाडीला हाच प्रश्न पुन्हा पडेल.

ते तीन मेलेले स्पर फेकले नसशील तर टेबलावर मांड आणि भिंगातून बघ. दाता कसा गेलाय ते बघितल्याशिवाय मटेरियल ठरवायचंच नसतं. दाते मुळाशी कटकन तुटलेत आणि तुटलेली जागा स्वच्छ आहे, तर तो धक्क्याने गेला. टोकं वितळून एका बाजूला लोळलीत, तर उष्णता. मेश (दोन गिअरच्या दात्यांची एकमेकांतली बसणूक) चुकलाय किंवा मोटर फार तापतेय. दाते झिजून करवतीसारखे टोकदार झालेत, तर धूळ, नाहीतर पिनियनच खराब. दात्याच्या रुंदीत एकाच कडेला झीज आहे, तर मोटर तिरकी बसलीय. आणि एक खूण खास तुझ्या जोडीची. १८ ला ५४ म्हणजे बरोबर एकास तीन. पिनियनचा प्रत्येक दाता जन्मभर स्परच्या त्याच तीन दात्यांना भेटतो. पिनियनच्या एखाद्या दात्यावर बर (धातूचा उठलेला काटा) असेल, तर स्परवर बरोबर तीन ठिकाणी, १८-१८ दात्यांच्या अंतराने जखम दिसेल. तशी दिसली तर स्परच्या मटेरियलचा काही दोष नाही, पिनियन बदल.

माझा अंदाज पहिल्या प्रकाराचा आहे, धक्का. हिशेब करून दाखवतो, कारण हा हिशेब मुलांना कुणी दाखवत नाही.

३३०० केव्हीच्या मोटरचा टॉर्क अँपिअरमागे ९.५५ भागिले ३३००, म्हणजे ०.००२९ न्यूटन मीटर. ६० अँपिअर ओढले तर ०.१७ च्या आसपास. तुझ्या पिनियनची पिच त्रिज्या (दाते गुणिले मॉड्यूल, भागिले दोन) ७.२ मिलिमीटर, म्हणजे दात्यावर जोर साधारण २४ न्यूटन, अडीच किलोच्या आतच. विल्फ्रेड लुइस याने १८९२ साली मांडलेलं सूत्र आजही आम्ही पहिल्या अंदाजाला वापरतो: जोर भागिले रुंदी, मॉड्यूल आणि दात्याच्या आकाराचा गुणक यांचा गुणाकार. रुंदी ६ मिलिमीटर आणि ५४ दात्यांचा गुणक ०.४१ धरला, तर ताण येतो १२ मेगापास्कल. ॲसिटलची ताकद ६५ ते ७०. म्हणजे सरळ रस्त्यावर कितीही थ्रॉटल दे, प्लास्टिकचा स्पर हसत चालेल.

आता उडी धर. गाडी हवेत आहे, तुझं बोट ट्रिगरवर दाबलेलंच. थ्री-एसवर मोटर ३६ हजारांपर्यंत जाऊ शकते, आपण ३० हजार आरपीएम धरू. आतला रोटर साधारण ३० ग्रॅमचा आणि १३ मिलिमीटर व्यासाचा. त्यात साठलेली ऊर्जा तीन ज्यूल निघते. एक किलोचं वजन फूटभर उंचीवरून सोडलं तर जेवढी, तेवढी. चाकं जमिनीला लागतात आणि जमीन त्यांना धरते. रोटरला मात्र फिरत राहायचंय. त्याला थांबवायचं काम एक-दोन दात्यांवर येतं. रोटर दोन मिलिसेकंदांत थांबला असं मानलं, तर टॉर्क जवळजवळ १ न्यूटन मीटर, दात्यावर जोर १३८ न्यूटन आणि ताण ७० मेगापास्कल. बरोबर ॲसिटलच्या मर्यादेवर. त्यात स्पर तापलेला असेल तर मर्यादाच खाली आलेली असते. ९० अंशांना ॲसिटलची ताकद निम्म्याच्या आसपास उरते.

हा धक्का खाण्यासाठीच कंपनीने स्लिपर क्लच दिलेला असतो, आणि तोच तू बंद केलास. घरातला फ्यूज उडतोय म्हणून त्या जागी जाड तार बांधावी, तसं झालं हे. त्यानंतर गाडीत सगळ्यात अशक्त भाग उरला तो स्पर, म्हणून तो जातोय.

मग स्परही स्टीलचा केला तर? स्टील ॲसिटलपेक्षा सत्तर पट ताठ. प्लास्टिकचा दाता वाकून थोडा वेळ मिळवून देतो, स्टीलचा देत नाही. तेच तीन ज्यूल आणखी कमी वेळात थांबवायचे म्हणजे जोर वाढतो, आणि तो पुढच्या भागाकडे जातो. हे मी करून बसलोय. २०११ मध्ये माझ्याकडे मशीन, हॉब (गिअर कापायचं हत्यार), ईएन-२४ या मजबूत मिश्र स्टीलचे तुकडे सगळं हाताशी होतं, म्हणून माझ्या १/१०च्या बगी गाडीचा सगळा सेट स्टीलचा केला. गिअर सुंदर झाले होते, आजही ड्रॉवरमध्ये आहेत, एक दाता गेलेला नाही. पण पहिल्याच रविवारी मागचा डॉगबोन (चाक फिरवणारा दांडा) वाकला. तो जाड घातला, तर डिफरन्शियलचा आउटड्राइव्ह कप (त्या दांड्याचं टोक धरणारी वाटी) फाटला. तोही बदलला, तेव्हा गिअरबॉक्सचं हाउसिंग बेअरिंगच्या खोबणीत चिरलं, आणि मग ते उघडायला सगळी मागची बाजू सोडवावी लागली. स्पर बदलायला चार स्क्रू आणि दहा मिनिटं लागतात. हाउसिंगला अख्खी संध्याकाळ गेली, आणि पार्ट यायला तीन आठवडे.

त्या दिवसापासून मी ड्राइव्हलाइन (मोटरपासून चाकांपर्यंतचे सगळे भाग) बघताना पहिला प्रश्न हाच विचारतो: काहीतरी तुटणारच असेल, तर काय तुटलेलं मला चालेल? सगळ्यात स्वस्त, सगळ्यात बाहेरचा, हात सहज पोचेल असा भाग. जवळजवळ प्रत्येक गाडीत तो स्परच असतो. त्याला मुद्दाम मऊ ठेवायचं, बाकी सगळं त्याच्यापेक्षा सशक्त.

आता प्लास्टिक कुठलं. बाजारात तुला मुख्यतः दोन मिळतील, नायलॉन आणि ॲसिटल. डेल्रिन हे ड्युपाँटने १९६० मध्ये आपल्या ॲसिटलला दिलेलं नाव. आपल्याकडे कुणाचंही ॲसिटल असलं तरी दुकानात डेल्रिनच म्हणतात. नायलॉन जास्त चिवट आहे, उष्णताही जास्त सोसतो. नायलॉन ६६ साधारण २६० अंशांना वितळतो, ॲसिटल १६५ ते १७५ ला. नुसते हे आकडे बघून मुलं नायलॉन निवडतात. पण नायलॉन पाणी पितो, आणि पुण्यात जून ते सप्टेंबर हा फार मोठा मुद्दा आहे. दमट हवेत तो वजनाच्या अडीच टक्के किंवा त्याहून जास्त ओलावा घेतो आणि अर्धा टक्का फुगतो. तुझ्या स्परची त्रिज्या २१.६ मिलिमीटर, म्हणजे ०.१ मिलिमीटर वाढली. मेशमध्ये आपण फटच तेवढी ठेवतो. एप्रिलमध्ये मोकळा फिरणारा स्पर जुलैत घासायला लागतो, मोटर तापते, आणि माणूस मोटरला दोष देतो. ॲसिटल त्याच हवेत फार तर पाव टक्का ओलावा घेतो, मापाला कायम राहतो, शिवाय स्टीलवर कोरडाच गुळगुळीत सरकतो. म्हणून पिनियनशी जोडी लावायला ॲसिटल.

नायलॉनला पाणी हवं असतं ही गोष्ट मात्र दुसरीकडे उपयोगी पडते. सस्पेन्शनचे नवे नायलॉन आर्म पॅकेटमधून निघतात तेव्हा कोरडे आणि ठिसूळ असतात. अर्धा तास पाण्यात उकळून घेतले तर चिवट होतात. गिअरला हे करू नकोस, माप बदलतं.

रॉड आणून स्वतः गिअर काढायचा विचार असेल तर एक परीक्षा सांगतो, कारण पांढरा नायलॉन डेल्रिन म्हणून गळ्यात मारला जातो. एका ग्लासात मीठ विरघळेनासं होईपर्यंत घाल. त्या पाण्याची घनता १.२ होते. साधा नायलॉन १.१४चा, तो तरंगतो. ॲसिटल १.४१चा, बुडतो. काचतंतू भरलेला नायलॉनही बुडतो, पण तो कापल्यावर हाताला खरखरीत लागतो. जाळून बघायची पद्धत वर्कशॉपमध्ये आहे, पण ॲसिटल जळताना फॉर्मल्डिहाइड सुटतं. डोळे आणि घसा धरतो. घरात अजिबात करू नकोस.

काचतंतूवाला नायलॉन कागदावर सगळ्यात ताकदवान दिसतो. हाउसिंगला उत्तम. स्परला मला तो आवडत नाही, कारण तो वाकायच्या आधी तुटतो आणि त्यातले तंतू पितळी किंवा ॲल्युमिनियमचा पिनियन किसून काढतात.

मटेरियलइतकाच जीव मेशमध्ये असतो. वहीच्या कागदाची पट्टी दोघांच्या मध्ये घालून मोटर आवळायची, ही पद्धत चांगली आहे. कागद साधारण ०.१ मिलिमीटरचा असतो. पण ॲसिटल तापल्यावर भरपूर वाढतो. स्पर २५ अंशांवरून ७५ ला गेला तर त्याची त्रिज्या ०.१२ मिलिमीटरने वाढते, आणि ॲल्युमिनियमची चॅसिस मधलं अंतर मात्र जवळजवळ तेवढंच धरून ठेवते. म्हणजे कागदाची सगळी फट गिळली गेली. मेच्या दुपारी डांबरी रस्त्यावर चालवणार असशील तर कागद दुमडून दुहेरी घे. फिरवून बघ, स्पर एका जागी घट्ट लागेल, कारण साच्यातला स्पर अगदी केंद्रात क्वचितच असतो. मेश त्या सगळ्यात घट्ट जागेवर लावायचा. पाच मिनिटं चालवून पुन्हा तपासायचा. आणि मोटरचे स्क्रू हलत नाहीत ना, ते बघायचं. निम्मे स्पर ढिल्या मोटरमुळे जातात असं माझं मत आहे.

पिनियनकडे येऊ. पितळेचा खेळण्यातल्या छोट्या मोटरवर ठीक, ब्रशलेसवर नको. ॲल्युमिनियमचे, ७०७५ मिश्रधातूचे आणि वर हार्ड ॲनोडाइज केलेले (ऑक्साइडचा कडक थर चढवलेले) पिनियन हलके आणि देखणे असतात. कार्पेटच्या स्वच्छ ट्रॅकवर ६४ डीपीच्या (डीपी म्हणजे इंचभर व्यासामागे दाते) बारीक दात्यांना लोक ते वापरतात, आणि तिथे ते बरोबर आहे. पण आपण चालवतो मुरमात. मुरूम म्हणजे झिजलेला बेसाल्ट. त्याच्या बारीक कणांनी वरचा तो २५ ते ५० मायक्रॉनचा थर एकदा फोडला की खालचं ॲल्युमिनियम भराभर जातं, आणि सुटलेले ऑक्साइडचे कण पॉलिश पेपरसारखे स्परला लागतात. दात्यांच्या मुळात काळी पेस्ट साठलेली दिसली की समजायचं. मोशीच्या मोकळ्या प्लॉटवर नवा ॲल्युमिनियम पिनियन दोन महिन्यांत टोकदार झालेला मी पाहिलाय.

म्हणून स्टील, आणि तेही कडक केलेलं. मऊ माइल्ड स्टीलचा पिनियनही झिजतो, फक्त हळू. आमच्याकडे दोन वाटा आहेत. २० एमएनसीआर ५ सारखं कमी कार्बनचं स्टील घेऊन केस हार्डनिंग, म्हणजे वरचं कातडं ५८ ते ६२ रॉकवेल (कडकपणाचं माप) आणि आतला गाभा चिवट. किंवा ईएन-२४ आधी टफन करून, गिअर कापून, मग ५००-५२० अंशांना नायट्रायडिंग, म्हणजे पृष्ठभागात नायट्रोजन मुरवून तो कडक करणं. दुसरीत कातडं थोडं कमी कडक होतं, पण क्वेंचिंग (तापवून एकदम थंड करणं) नसल्यामुळे गिअर वेडावाकडा होत नाही. बारीक मॉड्यूलला मी हीच पसंत करतो.

केस हार्डनिंगमध्ये खोली सांभाळावी लागते, हे मी महागात शिकलो. ०.८ मॉड्यूलचे ४० पिनियन बाहेर हीट ट्रीटमेंटला दिले होते. ०.२ मिलिमीटर खोली मागितली होती. परत आले ते ०.५चे, बहुधा मोठ्या गिअरच्या भट्टीत सोबत टाकून दिलेले. आता बघ, ०.८ मॉड्यूलचा दाता पिच रेषेवर १.२५ मिलिमीटर जाड. दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा कडक झाला, तर मध्ये गाभा राहिला पाव मिलिमीटर, आणि टोकाला काहीच नाही. दाते काचेसारखे उडाले. चाळीसही भंगारात गेले. तेव्हापासून ड्रॉइंगवर खोली ठळक लिहितो, सोबत एक जास्तीचा तुकडा देतो आणि तो कापून बघितल्याशिवाय माल घेत नाही. तुझी कॉलेजची टीम कधी गिअर करून घेणार असेल तर हे नक्की कर.

विकत घेताना "मेटल" या शब्दावर विसंबू नकोस. स्वस्त मेटल सेटमधले बरेच गिअर झिंकच्या मिश्रधातूचे ओतलेले असतात. खिशात छोटं लोहचुंबक ठेव. चिकटलं नाही तर ते असं स्टील नाही. चिकटलं, तर घरी आल्यावर जुनी बारीक कानस गिअरच्या सपाट बाजूला हलकेच फिरव. कानस घसरली तर कडक आहे, ओरखडा काढून भुगा पडला तर मऊ. डिफरन्शियलच्या आतले छोटे बेव्हल गिअर अनेकदा सिंटर्ड असतात, म्हणजे लोखंडाची भुकटी दाबून भट्टीत भाजलेले. मॅट आणि किंचित सच्छिद्र दिसतात, चुंबकाला चिकटतात. डिफमध्ये ते तेलात असतात, तिथे त्यांना काही त्रास नाही. डिफला फिरवणाऱ्या क्राउन गिअरला आणि त्याच्या पिनियनला मात्र पूर्ण स्टील आणि नीट शिमिंग (पातळ वॉशर घालून फट जुळवणं), कारण तिथे हात सहज पोचत नाही आणि ते तुटलेलं आपल्याला चालणार नाही.

मॉड्यूलची खात्री प्रत्येक वेळी कर. ३२ डीपी म्हणजे ०.७९४ मॉड्यूल, ०.८ बरोबर चालून जातं. पण ४८ डीपी म्हणजे ०.५२९, आणि ते टामिया कंपनीच्या ०.६ बरोबर अजिबात चालत नाही. दिसायला सारखे, लागायला नाही, आणि स्पर अर्ध्या तासात संपतो.

थ्रीडी प्रिंटचं विचारशील म्हणून: पीएलए (या प्रिंटरचं नेहमीचं प्लास्टिक) ६० अंशांना मऊ पडतो. मापाची आणि बसण्याची चाचणी घ्यायला छान, चालवायला नाही.

स्टीलचा स्पर कुठे योग्य, तर १/८ च्या बगीत. तिथे मॉड्यूल १, शाफ्ट ५ मिलिमीटरचा, मधलं डिफरन्शियल धक्का पुढे-मागे वाटतं, आणि डॉगबोनपासून हाउसिंगपर्यंत सगळं त्या हिशेबाने बनवलेलं असतं. स्टीलवर स्टील म्हणजे आवाज आला, वंगणही आलं. उघड्या गिअरवर ग्रीस लावलं की मुरूम चिकटतो, म्हणून तिथे टेफ्लॉनचा कोरडा स्प्रे. तुझ्या ॲसिटलला काहीच लावायचं नाही. ब्रशने झाडायचं, बस.

तर या रविवारी काय करशील ते सांगतो. पिनियन १७चा घे, कडक स्टीलचा. वेग सहाएक टक्के उतरेल, मोटर थंड राहील, आणि १७ व ५४ ला सामाईक भाजक नसल्यामुळे प्रत्येक दाता प्रत्येकाला भेटेल, झीज सारखी वाटली जाईल. १३वर उतरू नकोस. पिनियन लहान झाला की तोच धक्का दात्यावर जास्त जोराने येतो. ग्रब स्क्रू (पिनियन शाफ्टला धरणारा बिनडोक्याचा स्क्रू) शाफ्टच्या सपाट भागावरच बसव, निळं थ्रेडलॉक (स्क्रू सुटू न देणारं चिकट द्रव) एक थेंब; ते पॉलिकार्बोनेटच्या बॉडीला लागू देऊ नकोस, तडे जातात. बोहरी आळीत चांगले ग्रब स्क्रू आणि नीट मापाची ॲलन की मिळते, सेटबरोबरची मऊ की फेकून दे.

स्लिपर आधी पूर्ण आवळ आणि मग दीड आटा सोड, तिथून सुरुवात. पकड चांगली असलेल्या जागी उभ्या गाडीला एकदम थ्रॉटल दिल्यावर साधारण अर्धा ते एक मीटर घसरण्याचा आवाज यावा, मग पकडावं. त्याहून जास्त घसरू दिलंस तर पॅड तापतात, आणि ते पॅड स्परलाच चिकटून असतात. तुझा पहिला स्पर कदाचित असाच वितळला असेल आणि त्यावर उपाय म्हणून तू नट आवळला असशील. पॅड काचेसारखे चकाकत असतील तर बारीक पॉलिश पेपरवर घासून घे किंवा नवे टाक. ईएससीमध्ये (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरमध्ये) पंचची, म्हणजे सुरुवातीच्या झटक्याची, सेटिंग असेल तर दोन पायऱ्या खाली आण. आणि गाडी हवेत गेली की ट्रिगर सोड.

एवढं करून चौथा स्पर गेला, तर त्याचा आणि पिनियनचा जवळून काढलेला फोटो पाठव. दात्याचं मूळ स्पष्ट दिसेल असा काढ.